तीन हातांचं चित्र

रविवारी दुपारी तुमचा फोन बराच वेळ वाजत राहिला आणि आम्ही दोघं घरात असूनही उचलला नाही. "अडकलो होतो," असं तुमच्या आजोबांनी नंतर सांगितलं, ते तुमच्या आईला पटलं नाही. पण ते अक्षरशः खरं होतं. ते का खरं होतं हे कळायला आमच्या समोरच्या इमारतीत पूर्वी राहणारे गृहस्थ माहीत हवेत, म्हणून त्यांच्याबद्दल नीट लिहून पाठवते आहे. नीट म्हणजे मला जमेल तितकं. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर लेबल असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. या माणसावर मात्र मला कधी लेबल लावता आलं नाही.

ते लिफ्टमध्ये पाठमोरे शिरत. आधी दारापर्यंत सरळ येत, मग गिरकी घेत आणि मागे पाऊल टाकत आत जात. आत आधीपासून कुणी असलं तर तो माणूस घाबरून कोपऱ्यात सरके. "पाठ भिंतीला, तोंड दाराला," ते मला समजावत. "वहिनी, आत शिरतानाच माणूस सगळ्यात गाफील असतो." दुबईत, मनखूलच्या आमच्या गल्लीत त्यांच्यावर तलवार घेऊन कोण धावून येणार होतं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला भाजी घेऊन घरी जायचं होतं.

ते मूळचे सांगलीचे. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. इमारतींचे नकाशे काढायचे, रेघ म्हणजे रेघ. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या साइटवर एक इटालियन इंजिनिअर होता. त्याच्याकडे तलवारबाजीच्या सहाशे वर्षं जुन्या पोथीचं छापील पुस्तक होतं. पानापानावर दोन माणसं एकमेकांना भिडलेली, आणि खाली दोन-चार ओळींची कविता. आमच्या या गृहस्थांनी ती चित्रं ऑफिसच्या मशीनवर मोठी केली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक करून ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनं उतरवून घेतली. "झेरॉक्स म्हणजे नुसता कागद. ट्रेसिंग म्हणजे काम," असं ते म्हणत. कवितांचा अर्थ इंजिनिअरनं इंग्रजीत सांगितला तो त्यांनी टाइप करून ठेवला. मग इंजिनिअर पुस्तकासकट इटलीला परत गेला आणि ट्रेसिंगची गुंडाळी कपाटावर जाऊन पडली.

ती उघडली निवृत्तीनंतर, मनखूलच्या घरात. त्या घरात बिऱ्हाड हलवलं तेव्हा ते काविळीनं हॉस्पिटलात होते. सगळं सामान त्यांच्या बायकोनं, सुलभानं, एकटीनं लावलं. ते घरी आले तर बैठकीच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर सगळी चित्रं ओळीनं चिकटवलेली, मागून उजेड येतोय आणि रेघन् रेघ दिसते आहे. त्या दिवसापासून ते त्या खिडकीसमोर खुर्ची टाकून बसले ते जवळजवळ उठलेच नाहीत. बाहेर काय चाललंय हे त्यांना त्या खिडकीतून कधी दिसलं नाही. सुलभा म्हणायची, "आमच्या घरी पडदे नाहीत. आमच्या घरी मारामाऱ्या आहेत."

त्या चित्रांमधली खूण मला त्यांनी पहिल्याच भेटीत शिकवली. ज्याच्या डोक्यावर मुकुट, तो गुरू, त्याला डाव माहीत आहे. ज्याच्या गुडघ्याखाली पट्टा, तो त्याचा शिष्य, तो तोच डाव पुढे नेतो. आणि ज्याला मुकुटही आहे आणि पट्टाही, तो त्या शिष्याचा डाव मोडणारा. मी मान हलवली. दुसऱ्या चित्रापर्यंत कोण कुणाचा शिष्य ते मी विसरले होते. ते स्वतः सरावाच्या वेळी गुडघ्याखाली परकराची नाडी बांधत. मुकुट कधी घातला नाही. "तो मिळायचाय," असं म्हणत.

आता खरी अडचण. एका चित्रात एकच क्षण असतो. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार हे चित्र सांगत नाही. ते कळायला दोन जिवंत माणसं तशी उभी करावी लागतात. त्यामुळे त्यांच्या घरी चहाला गेलेलं कुणीही हातात पडद्याचा दांडा घेतल्याशिवाय परत आलं नाही. मलाही उभं केलं. एका पवित्र्याचं नाव होतं 'स्त्रीचा पवित्रा', तलवार खांद्यामागे टाकून उभं राहायचं. "वहिनी, तुम्ही सकाळी गॅलरीत सतरंजी झटकायच्या आधी जशा उभ्या राहता ना, अगदी तसंच. मी बिल्डिंगच्या दारातून रोज बघतो." मी उजव्या खांद्यावर दांडा घेतला. "दुसरा खांदा," ते म्हणाले. मी बदलला.

हे माझं नेहमीचं झालं. माझी गॅलरी त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर आहे, मध्ये फक्त गल्ली. संध्याकाळी त्यांच्याकडे दिवा लागला की ती चित्रं कंदिलासारखी उजळत आणि मला माझ्या गॅलरीतून स्पष्ट दिसत. मी मनाशी पवित्रा पक्का करून जाई आणि तिथे गेल्यावर तो हमखास उलटा निघे. मला डावं-उजवं पटकन कळत नाही यावरून तुम्ही हसता, तुमचे आजोबा गाडी चालवताना मला रस्ता विचारत नाहीत. त्यामुळे चूक माझीच असणार हे मी धरूनच चालले.

पण गोंधळ त्यांचाही होता, फक्त त्यांनी त्याचा सिद्धान्त केला होता. कविता म्हणे, उजव्या पायानं पुढे ये. चित्रातला माणूस डाव्या पायानं पुढे आलेला. कविता म्हणे, डावी बाजू झाक. चित्रात उजवी झाकलेली. एकदा नाही, प्रत्येक पानावर. दुसऱ्या कुणी वैतागून गुंडाळी पुन्हा कपाटावर टाकली असती. यांनी वर्षभर विचार केला आणि ठरवलं, की जुनी माणसं समोरच्याच्या बाजूनं बोलायची. कवी तलवारवाल्याच्या समोर उभा आहे. तलवारवाल्याचं डावं ते कवीचं उजवं. "उजवं म्हणजे समोरून बघणाऱ्याचं उजवं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की एकदा मी ते पोळ्या लाटताना पुटपुटत होते.

अन्वी, तू विचारशील की इंटरनेटवर बघायचं ना. बघितलं. त्यांच्या भाच्यानं फोनवर दाखवलं. त्या पोथीच्या हाती लिहिलेल्या प्रती एकापेक्षा जास्त आहेत, हे खरंच आहे. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि फोन परत दिला. "ही दुसरी प्रत. नकलणाऱ्यानं सगळं उलटं काढलंय बिचाऱ्यानं."

या सिद्धान्तावर ते जगत. कुणी पत्ता विचारला तर विचारणाऱ्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहत आणि मग हात दाखवत. जेवण घेऊन येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला फोनवर म्हणत, "तुम जहाँ खडे हो वहाँ से बोलो, मेरा घर छोडो." दोन्ही इमारतींत त्यांचं एकट्याचं जेवण गरम येई. एकदा त्यांच्या पार्किंगच्या जागेत कुणीतरी गाडी लावली. तो माणूस तावातावानं भांडायलाच आला. हे त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्याच्यातर्फे बोलायला लागले. "यू आर राइट, हबीबी. तुम थके हुए हो. जगह खाली थी. कोई बोर्ड भी नहीं. तुम को क्या मालूम?" त्या माणसाला भांडायला समोर कोणी उरलंच नाही. तो गोंधळून गाडी काढून निघून गेला, वर "सॉरी अंकल" म्हणाला. तुमच्या आजोबांनी हे बघितलं आणि त्या दिवसापासून रास अल खोरमधल्या आपल्या गोदामाचा एक कोपरा त्यांना सरावासाठी दिला.

तिथे शनिवारी सकाळी ते आणि त्यांचे चार-पाच साथीदार हॉटेलांसाठी आणलेल्या फ्रीझरांच्या आणि स्टीलच्या ओट्यांच्या मधल्या जागेत डावखुऱ्या तलवारी चालवत. सगळेच डावखुरे. जॉर्जी नावाचा इन्शुरन्समधला मल्याळी माणूस मला म्हणाला, "आंटी, पहले छह महिने मैं खुद को ही मारता था."

एकच चित्र त्यांना कधी सुटलं नाही. दोन माणसं अगदी अंगाला अंग लावून उभी, तलवारी अडकलेल्या. माणसं दोन म्हणजे हात चार, आणि चित्रात दिसतात तीन. मुकुटवाल्याचा एक हात समोरच्याच्या कोपराखाली जातो आणि मग नाहीसाच होतो. तो कुठे निघतो, काय धरतो, कुणालाच कळेना. त्याला आम्ही 'तीन हातांचं चित्र' म्हणायचो. त्या चित्रासाठी त्यांनी सगळ्यांना उभं केलं, वॉचमनलाही. एकदा तुमचे आजोबा झारा हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांचा हात असा पिळला गेला की पुढे आठवडाभर ते मला दही घुसळून देत नव्हते.

मग खलिफा सिटीतून निरोप आला. तिकडे अबू धाबीत अशाच जुन्या तलवारबाजीचा एक मोठा गट होता. त्यांची शिक्षिका लेबनॉनची, इटलीत जाऊन शिकून आलेली. कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं, की दुबईत एक भारतीय म्हातारा या पोथीचा वेगळाच अर्थ लावतो. तिनं त्यांना बोलावलं: येत्या शनिवारी या आणि आम्हाला दाखवा.

इतकी वर्षं ते ज्यांना दाखवत होते त्यातल्या कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं. आता जाणकार बघणार होते. ते सुलभाला म्हणाले, "यांनी हो म्हटलं तर मी काहीतरी केलं. नाही म्हटलं तर मी खिडकीकडे बघत बसलो होतो." हे तिनं मला भांडी लावता लावता सांगितलं.

त्यांना त्या दिवशी जाड जाकीट घालायचं होतं, चित्रातल्यासारखं, घड्यांवर घड्या घालून शिवलेलं. शिंपी कुणी तयार होईना. मी चित्र बघितलं आणि म्हणाले, "अहो, ही तर गोधडी आहे. गोधडीला बाह्या लावल्यात." माझ्या सासूबाईंनी मला शिकवलेली ती एकच गोष्ट मला मनापासून आवडते. सुलभाच्या आईची जुनी नऊवारी लुगडी निघाली. मी थर लावले, धावदोरा घातला. तलवारीच्या हाताला मार बसतो म्हणून डाव्या बाहीत चार थर जास्त घातले. बटणं नाहीत, बाळाच्या झबल्यासारख्या काठाला नाड्या. गोधडीसारखंच ते दोन्हीकडून सारखं झालं, आत-बाहेर काही नाही.

शेवटच्या टाक्यांच्या ओळी कशा जातात ते बघायला मी गुरुवारी एक चित्र खिडकीवरून काढून घरी आणलं. चिकटपट्टी जुनी, तिच्या कडांना धूळ धरलेली. मला तसं काही हातात धरवत नाही. मी पट्ट्या हलक्या हातानं सोडवल्या. कोपऱ्यातल्या पट्टीखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती, त्यांची ड्राफ्ट्समनची सही आणि पानाचा आकडा. ती मला वाचता येईनात. मी चष्मा पुसला. मग कागद उलटा केला आणि ती लख्ख वाचता आली. कागदाखालच्या माझ्या पांढऱ्या कापडावर पेन्सिलीचा काळा डाग पडला होता. म्हणजे पेन्सिल मागच्या बाजूला होती. म्हणजे मागची बाजू हीच पुढची होती.

मी तो कागद घेऊन गॅलरीत गेले. समोर दिवा लागलेला होता. खिडकीतले सगळे लढवय्ये उजव्या हातात तलवारी घेऊन उभे होते, जसे मी रोज बघत आले होते. मी हातातला कागद सहीच्या बाजूनं धरला. तोही उजवा. आमच्या सगळ्या गल्लीला ते बरोबर दिसत होतं. उलटं फक्त घरातून दिसत होतं.

"अहो," मी तुमच्या आजोबांना म्हणाले, "ते सगळं उलटं आहे."

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून. कागदच उलटे लावलेत."

त्यांना समजायला मी तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना मीच घोटाळले. मग ते म्हणाले, "बरं. आता खलास. परवा शनिवार. गप्प बस. त्यांना जाऊ दे, दाखवू दे."

"आणि तिथे ती शिक्षिका सांगेल तेव्हा?"



मी सुलभाला बोलावून घेतलं. तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि खुर्चीत बसली. "मी लावले हे," ती म्हणाली. "ते हॉस्पिटलात होते. इथे किती धूळ, रोज काच पुसावी लागते. फडक्यानं पेन्सिल पुसली जाईल म्हणून मी मुद्दाम ती बाजू काचेकडे केली. त्यांची मेहनत जाऊ नये म्हणून." मग कागद मांडीवर ठेवून, "मीच घालवली की हो."

"तू नाही सांगितलंस तरी चालेल. मी सांगते."

"नाही. माझं मी सांगते." ती कागद घेऊन निघून गेली.

मी गॅलरीत उभी राहिले. ऐकू काहीच येत नव्हतं. चित्रांच्या मागे दोन सावल्या दिसत होत्या, एक बसलेली, एक उभी. बसलेली उठली. मग एकेक चित्र खिडकीवरून निघायला लागलं, कोपऱ्यापासून, शिस्तीत. जसजशी काच मोकळी होत गेली तसतशी मला त्यांची खोली दिसायला लागली: टीव्ही, देव्हारा, पाठीला कव्हर घातलेली खुर्ची. शेवटी ते काचेशी उभे राहिले आणि बाहेर बघायला लागले. मला वाटतं त्या खिडकीतून आमची गल्ली त्यांनी पहिल्यांदाच बघितली. मग त्यांना मी दिसले. त्यांनी हात वर केला. रागानं, निरोपाचा की नुसताच, मला कळलं नाही.

फोन वाजला. "वहिनी, जरा येता का? दांडा घेऊन या. यल्ला, चला, दोघंही या."

आम्ही गेलो तर जमिनीवर तीन हातांचं चित्र सुलट्या बाजूनं पसरलेलं. सुलभा डोळे पुसून दांडा घेऊन उभी होती. जन्मात सरावाला न उभी राहिलेली सुलभा! त्यांनी मला तिच्यासमोर उभं केलं, आता उजव्या हातानं. पाय पुढे, कोपर वर, हात खाली. मला वाटत होतं की आता उलगडणार. इतकी वर्षं ते उलटं बघत होते म्हणूनच तर अडलं होतं. माझा हात सुलभाच्या कोपराखाली गेला आणि तिथेच राहिला. पुढे कुठेच जाईना. त्यांनी स्वतः करून बघितलं. तुमच्या आजोबांनीही बघितलं. नाही म्हणजे नाही.

ते खाली बसले आणि हसायला लागले. मला आधी वाटलं रडताहेत. "म्हणजे हे खरंच अवघड आहे!" ते म्हणाले. "सुलभा, हे उलटं लावल्यामुळे नव्हतंच!"

शनिवारी आम्ही सगळे अबू धाबीला गेलो. गाडीत मी सुलभाला हळूच विचारलं, "पहिल्यांदा काय म्हणाले गं?"

"म्हणाले, समोरून बघणाऱ्याला बरोबरच दिसत होतं ना? मग मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय!"

पुढच्या सीटवरून ते म्हणाले, "सिद्धान्त बरोबर होता. फक्त समोर कोण आहे ते चुकलं."

यावर मी अजूनही विचार करते आहे.

जाकिटाचा प्रश्न होता. जाड बाही डावी आणि हात आता उजवा. मी ते गाडीतच उलटं केलं, आतली बाजू बाहेर. डावी बाही उजवी झाली. नाड्या काठालाच होत्या, त्या आतून बांधल्या.

एका व्हिलाच्या मागच्या हॉलमध्ये तरुण मंडळी भिंतीशी बसली होती. ते पाठमोरे आत शिरले. मग वळून इंग्रजीत म्हणाले, "मी हे पुस्तक कागदाच्या मागच्या बाजूनं वाचलं. मला ते परवा कळलं." लोक हसले. ते थांबले, हसू संपू दिलं. मग उजव्या हाताचा बेत सोडून त्यांनी डाव्या हातानंच सगळं दाखवलं, जसं ते करत आले होते, जॉर्जीला समोर घेऊन, एकेक डाव. हसू हळूहळू बंद झालं. ती शिक्षिका पुढे येऊन बसली. शेवटी तिनं विचारलं, "कागद तसे कुणी लावले?"

"माझ्या बायकोनं," ते म्हणाले. "जपून ठेवायला." आणि सुलभाकडे हात केला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पदर सारखा करत बसली.

शिक्षिकेनं मान हलवली. आरशातलं असलं तरी डाव चुकलेले नाहीत, असं ती म्हणाली. अंतर बरोबर आहे, वेळ बरोबर आहे. दोन ठिकाणी तिला स्वतःला जे सुटलं नव्हतं ते त्यांनी सोडवलं होतं. तिनं ते लगेच उजव्या हातानं करून बघितलं, आणि ते झालं. त्यांनी फक्त खाली वाकून गुडघ्याखालची नाडी घट्ट केली. मग तीन हातांचं चित्र काढलं.

ते तिलाही येईना. "आमच्याकडेही यावर एकमत नाही," ती म्हणाली. थोड्याच वेळात हॉलभर जोड्या उभ्या होत्या, कोण उजव्या हातानं, कोण डाव्या, सगळे एकमेकांत अडकलेले आणि एकमेकांवर ओरडणारे. आमचे गृहस्थ उलट्या जाकिटात घामाघूम होऊन जोडी-जोडीपाशी जात होते आणि प्रत्येकाच्या बाजूला उभे राहून त्याच्या बाजूनं बघत होते. सुलभा टॉवेल घेऊन त्यांच्यामागे.

गेल्या वर्षी ते दोघं सांगलीला मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या खिडकीला आता कुणाचे तरी निळे पडदे आहेत. जाताना त्यांनी ते तीन हातांचं चित्र मला दिलं. "गॅलरीसमोर लावा," म्हणाले. "कुठल्याही बाजूनं."

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, की हात बहुतेक कोपराखालून नव्हे, वरून जात असावा. जेवण झाल्यावर मी आणि तुमचे आजोबा करून बघत होतो. मी मुकुटवाली होते. माझा हात वरून गेला, मागून फिरला, आणि त्यांचं कोपर माझ्या बांगड्यांत अडकलं. दोघांचे चष्मे टेबलावर. तुमचा फोन वाजत होता, अगदी हाताच्या अंतरावर, आणि तिथे पोचेल असा एकही हात आमच्याकडे मोकळा नव्हता.

चौथा कुठे होता, ते आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही.